मशीन भाड्याचं आहे, हे आधी शिकवा : क्लाउडच्या पहिल्या अभ्यासक्रमाबाबत अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणक अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : पदवीच्या 'क्लाउड कंप्युटिंग : ओळख' या अभ्यासक्रमातली प्रात्यक्षिकं, त्यांचा खर्च आणि प्रश्नपत्रिका

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत आणि क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणकाची ताकद) हा विषय त्यात कुठे सक्तीचा, कुठे ऐच्छिक म्हणून येतो आहे. आमच्यापैकी काही जण हा विषय वर्गात शिकवतात, काही जण क्लाउडवरच्या यंत्रणा रोज सांभाळतात. एका गोष्टीवर आम्हा सगळ्यांचं एकमत आहे. विद्यार्थी 'क्लाउडचे फायदे' दहा मार्कांसाठी झरझर लिहितो, पण हातात एक भाड्याचं मशीन दिलं की साध्या प्रश्नांवर अडतो. हे मशीन आत्ता किती पैसे खातंय? त्यात कोण कोण शिरू शकतं? ते पडलं तर त्याच्याबरोबर आणखी काय पडेल? पहिला अभ्यासक्रम या प्रश्नांभोवती बांधावा, एवढीच आमची मागणी आहे. बाकी पत्र म्हणजे ते कसं करता येईल याचा तपशील.

सुरुवात व्याख्येपासून. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जेमतेम दोन पानांची व्याख्या प्रसिद्ध केली. पाच लक्षणं, सेवेचे तीन प्रकार, मांडणीचे चार प्रकार. व्याख्या चांगली आहे, पण आपल्याकडे ती पाढ्यासारखी झाली आहे. पाच लक्षणांमधलं शेवटचं, 'मोजून दिलेली सेवा', हे तर एका ओळीत उरकलं जातं. आमच्या मते शिकवायला तिथूनच लागावं. वापर मोजला जातो म्हणून भाडं लावता येतं, भाडं आहे म्हणून एकाच यंत्रावर अनेक भाडेकरू बसवणं परवडतं, आणि अनेक भाडेकरू आहेत म्हणून कुलपांचा प्रश्न येतो. क्रम असा लावला तर पाचही लक्षणं एकमेकांतून निघतात आणि पाठांतर उरत नाही.

प्रात्यक्षिकांचे पहिले चार आठवडे कोणत्याही कंपनीच्या क्लाउडला हात लावायची गरज नाही. महाविद्यालयाच्या लॅबमधला आठ जीबी मेमरीचा साधा पीसी, त्यावर लिनक्स आणि केव्हीएम (एका पीसीच्या आत सॉफ्टवेअरने आणखी संगणक, म्हणजे आभासी मशीनं, उभी करणारं साधन) एवढं पुरतं. इथे पहिली अडचण ठरलेली असते: आभासी मशीन चालूच होत नाही, किंवा गोगलगायीसारखं चालतं. प्रोसेसरच्या माहितीत इंटेलसाठी 'व्हीएमएक्स' किंवा एएमडीसाठी 'एसव्हीएम' ही खूण दिसत नसेल, तर बहुधा बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सोय बंद ठेवलेली आहे. लॅब असिस्टंटने सुट्टीत एकदा सगळ्या पीसींवर ती चालू करून बायोसला पासवर्ड लावला की वर्षभराची कटकट मिटते. ही अडचण शिकवण्याचीही जागा आहे. आभासी मशीनची कल्पना १९६०च्या दशकातल्या आयबीएमच्या मेनफ्रेमइतकी जुनी. पण साध्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी खास सोय आली २००५-०६ मध्ये, केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) आलं २००७ मध्ये, आणि ॲमेझॉनच्या एस-थ्री (फाइली साठवण्याची) व ईसी-टू (मशीन भाड्याने देण्याची) या सेवा सुरू झाल्या त्या २००६ मध्ये. एवढा इतिहास एका तासात होतो. ग्रिड कंप्युटिंगपासून सुरू होणारं आख्खं पहिलं युनिट आता काढून टाकावं.

चार कोअरच्या पीसीवर प्रत्येकी दोन कोअर मागणारी दोन आभासी मशीनं उभी करा, दोन्हींत एकच मोठी आकडेमोड चालवा आणि वेळ नोंदवा. मग मेमरी आवळून अशीच चार मशीनं करा. वेळ साधारण दुप्पट होतो, आणि मशीनच्या आत 'टॉप' या देखरेखीच्या आज्ञेत 'स्टील' नावाचा रकाना वर चढतो. शेजाऱ्याने आपला प्रोसेसर खाल्ला, हे विद्यार्थ्याला आकड्यात दिसतं. हे पाहिलेल्या मुलाला पुढे ॲमेझॉनचं 'टी-थ्री मायक्रो' मशीन घेतल्यावर कोड्यात पडायला होत नाही. त्या मशीनला दोन व्ही-सीपीयू (आभासी प्रोसेसर) असतात, पण दर तासाला मिळतात फक्त १२ क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक व्ही-सीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने. म्हणजे कायमची हक्काची ताकद प्रत्येकी १० टक्के. शिल्लक संपल्यावरही मशीन जोरात चालत राहिलं तर 'अनलिमिटेड' या मूळ सेटिंगमुळे जादा वापराचं वेगळं बिल लागतं. 'छोटं मशीन स्वस्त' या वाक्यातली मेख ती ही.

कंटेनर (गाभा सामायिक ठेवून प्रोग्रामला दिलेली वेगळी, बंद खोली) शिकवताना थेट डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनावर उडी मारू नये. डॉकर आलं २०१३ मध्ये. ते ज्या सोयींवर उभं आहे, त्या नेमस्पेस (प्रोग्रामला काय दिसेल ते ठरवणारी) आणि सी-ग्रुप (तो किती वापरेल ते ठरवणारी), त्याआधीच लिनक्समध्ये होत्या. एक सी-ग्रुप हाताने तयार करा, मेमरीची मर्यादा १०० एमबी ठेवा आणि २०० एमबी मागणारा चार ओळींचा प्रोग्राम त्यात सोडा. गाभा त्याला मारून टाकतो. डॉकरमध्ये हाच प्रकार घडला की बाहेर पडण्याचा कोड १३७ दिसतो, म्हणजे १२८ अधिक ९ नंबरचा सिग्नल. पण या प्रयोगात हमखास फसगत होते. पीसीवर स्वॅप (मेमरी अपुरी पडली की डिस्क वापरण्याची सोय) चालू असेल तर प्रोग्राम मरतच नाही, नुसता रखडतो, आणि अर्धा वर्ग 'सर, मर्यादा लागतच नाही' म्हणून हात वर करतो. त्या सी-ग्रुपची स्वॅपची मर्यादा शून्य करायची, ही ओळ प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत ठळक छापा.

डॉकरच्या तासाला दोन अडचणी सगळीकडे येतात. पहिली, संख्येची. डॉकर हब या सार्वजनिक कोठारातून नोंदणी न करता इमेज (कंटेनरचा तयार साचा) उतरवायला एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० वेळांची मर्यादा आहे. महाविद्यालयातले सगळे पीसी बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. साठ विद्यार्थ्यांनी दोन-दोन इमेज मागितल्या की १२० होतात, आणि शेवटच्या बाकांवर 'टू मेनी रिक्वेस्ट्स' झळकतं. उपाय सोपा आहे: लॅबमधल्याच एका पीसीवर स्थानिक रजिस्ट्री (इमेजचं कोठार) चालवून ती हबची साठवण म्हणून लावायची. पहिल्याने मागितलेली इमेज तिथे राहते, बाकीच्यांना ती लॅनवरून मिळते. दुसरी अडचण पत्त्यांची. डॉकर स्वतःसाठी १७२.१७ पासूनचे पत्ते धरतं. महाविद्यालयाचं अंतर्गत जाळंही त्याच पट्ट्यात असेल तर डॉकर बसवताक्षणी त्या पीसीवरून महाविद्यालयाचा सर्व्हर दिसेनासा होतो आणि दोष मात्र केबलवर जातो.

तिसरी चूक विद्यार्थ्याच्या कोडमधली, आणि तिच्यासाठी अर्धा तास खुशाल द्यावा. फ्लास्कवर (पायथनमधलं वेब-ॲपचं साधन) लिहिलेलं छोटं ॲप आपण होऊन १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे फक्त स्वतःचंच. कंटेनरचं ५००० नंबरचं पोर्ट बाहेर काढलं तरी ब्राउझरला उत्तर मिळत नाही, कारण कंटेनरच्या आतलं '१२७' हे बाहेरच्या पीसीचं '१२७' नव्हे. ॲपला ०.०.०.० वर ऐकायला सांगितलं की प्रश्न सुटतो. हीच चूक पुढे खऱ्या क्लाउडवर जशीच्या तशी भेटते. फरक इतकाच की तेव्हा मीटर चालू असतं.

पाचव्या आठवड्यात खऱ्या क्लाउडवर जावं. पहिलं प्रात्यक्षिक 'मशीन तयार करा' हे नसावं, ते 'मशीनपर्यंत पोचता येत नाही, का ते शोधा' असं असावं. एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची सोय) जोडताना तीन प्रकारचे नकार येतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळ्या थरात असतं. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं, तर पाकीट (माहितीचा तुकडा) पोचतच नाही: सिक्युरिटी ग्रुप (मशीनभोवतीची फायरवॉल), रूट टेबल (पाकिटांच्या वाटांची यादी), सार्वजनिक पत्ता नसणं किंवा महाविद्यालयाच्या फायरवॉलने २२ नंबरचं पोर्ट अडवणं. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं, तर पाकीट मशीनपर्यंत गेलं पण तिथे ऐकणारं कोणी नाही. 'परमिशन डिनाइड' आलं, तर दार सापडलं, किल्ली चुकली. बहुतेक वेळा वापरकर्त्याचं नाव चुकलेलं असतं, कारण उबुंटूच्या इमेजवर ते 'उबुंटू' असतं आणि ॲमेझॉन लिनक्सवर 'ईसीटू-यूजर'. किल्लीची फाइल इतरांनाही वाचता येत असेल (परवानगी ४०० किंवा ६०० नसेल) तर एसएसएच ती किल्ली वापरायलाच नकार देतं, तो चौथा प्रकार. शिक्षकाने चार मशीनं मुद्दाम चार तऱ्हांनी बिघडवून ठेवावीत आणि विद्यार्थ्याने निदान लिहावं. जर्नलमध्ये चिकटवलेल्या वीस स्क्रीनशॉटपेक्षा या चार ओळींचं निदान तपासायला सोपं आणि नकलायला अवघड.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये 'माझा आयपी' असा पर्याय असतो, त्याबद्दल सावध करायला हवं. महाविद्यालयात बसून तो निवडला की दार उघडतं ते आख्ख्या महाविद्यालयाला, कारण सगळ्यांचा पत्ता एकच. आणि संस्थेकडे दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन असतील तर सकाळी चाललेलं मशीन दुपारी 'टाइम्ड आउट' देतं, कारण बाहेरचा पत्ता बदललेला असतो.

आणखी एक नेहमीचा गोंधळ म्हणजे 'माझं मशीन गायब झालं'. मशीन कुठेही गेलेलं नसतं. कन्सोलच्या (क्लाउड चालवण्याच्या वेबपानाच्या) कोपऱ्यात मुंबई विभागाऐवजी अमेरिकेतला व्हर्जिनिया विभाग निवडलेला असतो, इतकंच. पण त्या निमित्ताने अंतर शिकवता येतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ रेषेत १३,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद ही निसर्गाने घातलेली खालची मर्यादा. प्रत्यक्षात त्याहून जास्तच वेळ लागतो. ॲप मुंबईत, डेटाबेस व्हर्जिनियात आणि एका पानासाठी एकामागून एक दहा प्रश्न, तर नुसत्या प्रवासात सव्वा सेकंदाच्या वर जातं. कोड कितीही घासला तरी ते कमी होणार नाही. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, हैदराबादचा २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' विभाग आहे पुण्यात. (भूगोलाच्या सरांना हे सांगू नये.) या सगळ्यांना आपल्या लॅबमधून किती वेळ लागतो हे मोजून तक्ता करणं हे एका तासाचं फुकट प्रात्यक्षिक आहे.

आता पैशाकडे. सध्याच्या पुस्तिकांत हा भाग जवळपास नसतोच, म्हणून थोडं थांबून लिहितो. व्हर्जिनिया विभागाचं दरपत्रक धरून एक साधा आराखडा घ्या: एक मशीन सार्वजनिक जाळ्यात, त्याला कायमचा आयपी पत्ता, दुसरं खासगी जाळ्यात, त्याला बाहेर जाण्यासाठी नॅट गेटवे आणि त्या गेटवेचा स्वतःचा पत्ता, दोन्हींच्या डिस्क मिळून २० जीबी. विद्यार्थ्याने तास संपल्यावर दोन्ही मशीनं 'स्टॉप' केली आणि तो निश्चिंत मनाने घरी गेला. तीस दिवसांनी काय होतं? नॅट गेटवे ताशी ०.०४५ डॉलर, ७२० तासांचे ३२.४० डॉलर. सार्वजनिक पत्ता, १ फेब्रुवारी २०२४ पासून वापरात असो वा नसो, ताशी ०.००५ डॉलर, दोन पत्त्यांचे ७.२०. डिस्क जीबीला महिना ०.०८, म्हणजे १.६०. एकूण ४१.२० डॉलर, आणि मशीन एकही मिनिट चाललेलं नाही. विद्यार्थ्याला सत्रासाठी ५० डॉलरचं क्रेडिट दिलं असेल तर ते इथेच संपत आलं. 'स्टॉप' म्हणजे भाडं थांबलं, हा समज पहिल्याच बिलात मोडतो. तो वर्गात, कागदावर मोडलेला बरा.

म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाची शेवटची पायरी 'पुसून टाका' ही असावी आणि तिला मार्क असावेत. ती हाताने केली तर काहीतरी राहतंच: सुटी पडलेली डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कची प्रत), लोड बॅलन्सर (मागण्या अनेक मशीनांत वाटणारा). चौथ्या प्रात्यक्षिकानंतर सगळी उभारणी टेराफॉर्म किंवा ओपनटोफू (फाइलीत लिहिल्याप्रमाणे उभारणी करणारी साधनं) यांच्या फाइलीतून करून घ्यावी, म्हणजे एका आज्ञेत उभं राहतं आणि एका आज्ञेत पाडता येतं. पुस्तिकेच्या दृष्टीनेही हे फायद्याचं. कन्सोलवरची बटणं वर्षभरात जागा बदलतात आणि 'डावीकडचं निळं बटण दाबा' ही सूचना शिळी होते. फाइलीतला मजकूर बराच जास्त टिकतो. एक धोका मात्र सांगून ठेवावा. या साधनाची स्थिती-फाइल हरवली किंवा पुसली, तर ते आपण काय उभारलं हेच विसरतं, आणि पाडायची आज्ञा दिली तर 'पाडण्यासारखं काही नाही' असं शांतपणे सांगतं. मीटर चालूच राहतं.

खर्चाशी जोडलेली आमची सगळ्यात आग्रहाची मागणी अशी: कोणत्याही प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्याला स्वतःचं किंवा वडिलांचं डेबिट-क्रेडिट कार्ड द्यावं लागू नये, असं अभ्यासक्रमात स्पष्ट लिहा. 'मोफत खातं उघडा' ही सूचना दिसते साधी, पण बहुतेक मोफत खात्यांना कार्ड लागतं, आणि मोफतची व्याख्या बदलत राहते. ॲमेझॉनची बारा महिने फुकट मशीनची जुनी योजना १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना लागू नाही. आता क्रेडिट मिळतं आणि मोफत आराखडा सहा महिन्यांचा असतो. पुस्तिका मात्र अजून बारा महिनेच सांगतात. कार्डाविना चालणारे मार्ग आहेत: महाविद्यालयामार्फत मिळणाऱ्या ॲमेझॉनच्या शैक्षणिक लॅब, मायक्रोसॉफ्टचं विद्यार्थ्यांसाठीचं १०० डॉलरचं वार्षिक क्रेडिट, गूगलची शिक्षकांमार्फत मिळणारी कूपनं. मायक्रोसॉफ्टच्या योजनेत ओळख पटवायला महाविद्यालयाचा ईमेल पत्ता लागतो आणि पुष्कळ संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना तो दिलेलाच नसतो. तो द्या, ही संलग्नतेची अट करणं विद्यापीठाच्या हातात आहे.

लवचीकता, म्हणजे गरजेप्रमाणे यंत्रं वाढवणं-घटवणं, हे क्लाउडचं सगळ्यात गाजलेलं लक्षण. ते शिकवायला महाराष्ट्रात एक घरचं उदाहरण तयार आहे: दहावीचा निकाल. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, दुपारची ठरलेली वेळ. समजा निम्मे पहिल्या दहा मिनिटांत आले. साडेसात लाख भागिले ६००, सेकंदाला १,२५० विद्यार्थी. एका पानामागे लोगो, शैली वगैरे धरून आठ मागण्या, म्हणजे सेकंदाला दहा हजार. पान ३०० केबीचं असेल तर सेकंदाला ३७५ एमबी, म्हणजे तीन गिगाबिट. विद्यार्थ्याला विचारा, काय कराल? उत्तर ठरलेलं: 'ऑटो-स्केलिंग लावू.'

मग वेळ मोजायला लावा. लोड वाढल्याचं मोजमाप मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांनी येतं, जादा पैसे दिले तर एका मिनिटाने. इशारा वाजण्यासाठी सलग काही मोजमापं जास्त यावी लागतात. मग मशीन उठणार, ॲप सुरू होणार, लोड बॅलन्सर त्याला तपासणार. तपासणी मूळ सेटिंगमध्ये तीस सेकंदांना एकदा. ॲप उठायच्या आधीच पहिली तपासणी झाली आणि नापास ठरली, तर पुन्हा पात्र व्हायला सलग पाच वेळा पास व्हावं लागतं, म्हणजे आणखी अडीच मिनिटं. हे सगळं होईपर्यंत पहिली दहा मिनिटं संपत येतात, आणि निकाल न दिसलेला प्रत्येक जण दर पाच सेकंदांनी रिफ्रेश दाबत असतो, म्हणजे लोड आपल्या हिशेबाच्या कितीतरी पट. एक वाजता गर्दी होणार हे माहीत असेल तर साडेबारालाच यंत्रं वाढवून ठेवायची. त्याला वेळापत्रकाने वाढवणं म्हणतात, आणि पाठ्यक्रमात त्याचा उल्लेखही नसतो.

यंत्रं वाढवली तरी पुढचा खड्डा तयार आहे. पोस्टग्रेस डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १०० जोडण्या घेतो. प्रत्येक ॲप-मशीन दहा जोडण्या धरून ठेवत असेल तर नऊ मशीनपर्यंत सगळं ठीक, कारण शंभरातल्या तीन जोडण्या व्यवस्थापकासाठी राखीव असतात. त्यापुढचं मशीन आलं की डेटाबेस नवी जोडणी नाकारून दार लावतो. वाढवल्यामुळे बंद पडलं, हे विद्यार्थ्याच्या मनावर एकदा ठसायलाच हवं.

शेवटी खरा प्रश्न विचारा: निकाल बदलतो का? नाही. एका विद्यार्थ्याच्या निकालाला दोन केबी धरले तर पंधरा लाखांचा सगळा निकाल होतो तीन जीबी. लॅबमधल्या एका पीसीच्या मेमरीत बसेल एवढा. प्रत्येकाचं पान आदल्या रात्री तयार करून ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (एस-थ्रीसारख्या साठवणीत) ठेवलं, तर व्हर्जिनियाच्या दराने पंधरा लाख फाइली चढवायला ७.५० डॉलर पडतात आणि पुढे सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवून जवळून पान देणारं जाळं) लावला की ना ॲप, ना डेटाबेस. पण फाइलीचं नाव नुसतं सीट नंबर ठेवलं तर शेजाऱ्याचा निकाल कोणीही काढेल. आईचं नाव त्यात मिसळलं तर बरं, पण आईचं नाव हे गुपित नव्हे; ठरावीक दोनशे नावं फिरवून पाहणारा प्रोग्राम कोणीही दहा ओळींत लिहील. मग मागण्यांवर मर्यादा कुठे घालायची, नकार कोणत्या थराने द्यायचा, हा वाद वर्गात घाला. दोन तास कमी पडतात.

कुलपांबद्दल. परवानग्यांच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी सहसा 'सगळ्यांना सगळं' असं तारांकित धोरण लिहितो, कारण त्याने काम लगेच होतं आणि एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) चालणारी गोष्टच बघतो. हे उलटं करा. एका बकेटमधून (साठवणीतल्या कप्प्यातून) फक्त वाचता येईल असा रोल (परवानग्यांचा संच) द्या आणि त्याच रोलने लिहून दाखवायला सांगा. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तरच प्रात्यक्षिक पास. किल्ल्या कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवण्याच्या सार्वजनिक जागेवर) गेल्या, तर पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) पुसून उपयोग नाही, त्या इतिहासात राहतात. आणि अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट काही मिनिटांत त्या उचलून त्यावर क्रिप्टो नाणी खणायला बसतात. किल्ली रद्दच करावी लागते. मशीनला आतून स्वतःची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या देणारा १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ताही दाखवा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती फुटली, ती याच वाटेने: चुकीच्या जोडणीच्या फायरवॉलला त्या पत्त्यावर प्रश्न विचारायला लावलं, आणि मिळालेल्या किल्लीने गरजेपेक्षा जास्त दारं उघडत होती. कायद्याचा एक तास ठेवावा: सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश, म्हणजे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा.

बिघाडाचं युनिट तर आज अस्तित्वातच नाही. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद, हे मुलांना सांगता येतं. पण एकावर एक अवलंबून असलेल्या अशा तीन सेवा जोडल्या की १२९ मिनिटं होतात, हे सांगता येत नाही. समांतर दोन ठेवल्याने आकडा सुधारतो, पण दोन्ही एकाच कारणाने पडत नसतील तरच. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनियातली एस-थ्री सेवा काही तास पडली, ती एका आज्ञेत चुकीचा आकडा टाइप झाल्यामुळे. सेवा चालू आहे का ते दाखवणारा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून असल्यामुळे तो सगळं हिरवं दाखवत राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस-सेवेच्या पत्त्याची डीएनएस नोंद (नावावरून पत्ता सांगणारी) स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीने रिकामी झाली आणि डेटाबेस शाबूत असूनही कोणाला सापडेना. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची इमारत जळाली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच ठिकाणी होते. प्रत्येक घटनेचा धडा वेगळा आहे आणि प्रत्येकीचं छोटं रूप लॅबमध्ये घडवता येतं: प्रात्यक्षिक चालू असताना शिक्षकाने डीएनएसची नोंद पुसावी, किंवा बॅकअप घ्यायला सांगून मूळ डिस्क उडवावी आणि 'आता परत आणा' म्हणावं. परत न आणलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये.

तासांचा हिशेब चार श्रेयांकांत बसतो: तीन लेखीचे ४५ तास आणि एक प्रात्यक्षिकाचा ३० तास, म्हणजे दोन-दोन तासांची पंधरा सत्रं. स्वतःच्या पीसीवर चार, जाळं आणि निदान तीन, साठवण आणि परवानग्या तीन, वाढ-घट दोन, बिघाड दोन, बिल एक. कुबरनेटीस (अनेक मशीनांवरचे कंटेनर सांभाळणारं साधन) यात मुद्दाम घेतलेलं नाही. ते पुढच्या सत्राचं काम आहे. कंटेनर का मरतो हे न कळलेल्या मुलाच्या हातात ते दिलं की तो फक्त फाइली नकलतो. कंपनीच्या प्रमाणपत्राला अंतर्गत गुण देण्याची पद्धतही बंद करावी. ती परीक्षा त्या कंपनीच्या सेवांची नावं ओळखण्याची असते, आणि तिची फी पुन्हा घरूनच येते.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. ती बदलली नाही तर वरचं सगळं कागदावर राहील, कारण शिकवलं जातं ते विचारलं जाईल तेवढंच. सत्तर गुणांपैकी निदान तीस गुण असे असावेत: दरपत्रक छापून देऊन बिल काढा, २५६ पत्त्यांचं उपजाळं ॲमेझॉनवर घेतलं तर मशीनला किती पत्ते उरतील आणि का (२५१, पाच कंपनी राखून ठेवते), हा नकार आला, कारण कोणत्या थरात शोधाल, ही आकृती पाहा आणि कोणता एक भाग पडला तर सगळं पडेल ते दाखवा. 'पब्लिक व प्रायव्हेट क्लाउडमधला फरक लिहा' हा प्रश्न पाच गुणांपुरता राहू द्यावा.

पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर हे तीन मुद्दे घ्यावेत अशी विनंती आहे: कार्डाची सक्ती नको, 'पुसून टाका' या पायरीला गुण, आणि तीस गुणांचे हिशेबाचे व निदानाचे प्रश्न. पंधरा सत्रांची पुस्तिका, मुद्दाम बिघडवलेल्या चार मशीनच्या टेराफॉर्म फाइली आणि नमुना प्रश्नपत्रिकेचे दोन संच मराठीत व इंग्रजीत तयार आहेत. मंडळाने मागितल्यास बैठकीआधी पाठवू, आणि शिक्षकांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला माणसंही देऊ. कार्यशाळेसाठी लागेल ते एवढंच: वीस पीसी, बायोसचा पासवर्ड माहीत असलेले लॅब असिस्टंट, आणि फायरवॉलवर २२ नंबरचं पोर्ट दोन दिवस उघडं.

आपले,
क्लाउड शिकवणारे आणि चालवणारे काही जण